‘झालं’ म्हटल्यानंतरचा फोटो

सबाचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या शाखेत, स्टाफरूममधल्या संगणकापुढे बसून एक पेपर उघडायची वाट बघत होते. पडद्यावर ते गोल चक्र फिरत होतं आणि मी नेहमीप्रमाणे त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. सबा ही इक्बालभाईंची मुलगी. तिनं नुसतं "काकू" म्हटलं आणि थांबली... मग म्हणाली, "अब्बू गेले ओ काकू. सकाळी." पुढं ती काय बोलली ते मला नीट ऐकूच आलं नाही. चक्र थांबलं, पेपर उघडला, पेशीची आकृती पडद्यावर आली आणि मी तिच्याकडे बघत बसून राहिले. इतकी वर्षं संगणक अडकला की माझ्या तोंडून आपोआप एकच हाक निघायची, "इक्बालभाई, बघा हो हे!" आता ती कुणाला मारायची, असं काहीतरी वेडगळ माझ्या मनात येत होतं. शेजारच्या सरांनी विचारलं, "काय झालं?" तर मी म्हटलं, "आमचा सर्व्हरवाला गेला." लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासचे सगळे संगणक इक्बालभाईंनी सांभाळले, म्हणून तसं म्हटलं खरं, पण म्हटल्याबरोबर लक्षात आलं की त्या एवढ्याशा शब्दात त्यांचं काहीच आलेलं नाही.

लोहा, अहमदपूर, लातूर करत औशाला पोचेपर्यंत दफनविधी उरकला होता. रुखसानाभाभी बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. मला बघून त्यांनी शेजारी जागा केली आणि माझा हात हातात धरून ठेवला. म्हणाल्या, "मॅडम, जातानाबी कुणाला त्रास न्हाई दिला. पानी मागितलं, पिलं, अन् गेले." घरात भिंतीवर एकही फोटो नव्हता, पूर्वीही नसायचा. ही गोष्ट नवख्या माणसाला चमत्कारिक वाटेल, कारण या घराची दोन पिढ्यांची भाकर फोटोवर चालली. इक्बालभाईंच्या वडिलांचा औशात फोटो स्टुडिओ होता. आजूबाजूच्या गावांतली लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप, सगळे त्यांच्या कॅमेऱ्यापुढं बसून गेले. पण घरात तसबीर लावायची नाही हा त्यांचा दंडक. दुकानात अख्खी दुनिया टांगलीय, घरात अल्लाचं नाव पुरे, असं ते म्हणत. लातुरात लोक इक्बालभाईंना 'कंप्युटरवाले' म्हणून ओळखत, औशात मात्र ते शेवटपर्यंत 'स्टुडिओवाल्याचा इक्बाल'च राहिले.

लग्न होऊन मी नांदेडहून लातूरला आले ती नेमकी क्लासेसचं पीक जोरात आलं होतं त्या दिवसांत. ज्या घरावर क्लासची पाटी नाही असं घर आमच्या भागात शोधावं लागायचं. खाली मेस, मधे हॉस्टेल, वर क्लास आणि गच्चीवर गेल्या वर्षी नंबर आलेल्या पोरांचे चेहरे असलेला भला मोठा बोर्ड. मी जीवशास्त्र शिकवायला लागले. पहिल्याच दिवशी ओळखपत्राच्या फोटोसाठी मला जिन्याखालच्या खोलीत पाठवलं. दारात पोचताच आतून आवाज आला, "मॅडम, चप्पल भाईर." मी म्हटलं, "अहो, सर्व्हर ठेवलाय की दर्गा आहे हा?" आतून शांत उत्तर आलं, "धूळ दोघायलाबी चालत न्हाई, मॅडम." किडकिडीत अंगाचा, दाट मिशीचा, हातात नवा डिजिटल कॅमेरा घेतलेला माणूस. भिंतीला लावलेल्या पांढऱ्या पडद्यापुढं मला बसवलं, हनुवटी जरा वर करायला सांगितली, बटण दाबलं आणि म्हणाले, "झालं." मी हुश्श करून हसले, तेवढ्यात पुन्हा बटण वाजलं. मी चिडले. "झालं म्हणालात ना? मग हे काय?" तर म्हणाले, "पहिला ओळखपत्राचा, मॅडम. दुसरा तुमचा."

ही त्यांची रीतच होती, हे मला नंतर कळलं. प्रवेशाला आलेलं प्रत्येक पोर त्या पडद्यापुढं पोलीस ठाण्यात बसल्यासारखं बसायचं. गाव सोडून पहिल्यांदाच आलेलं, आईबाप दारात उभे. 'झालं' ऐकलं की त्याचे खांदे खाली यायचे आणि तोंडावर मूळचं पोर उमटायचं. ते इक्बालभाई टिपायचे. त्या पहिल्या दिवशी मात्र त्यांनी कॅमेरा माझ्याच हातात दिला. सगळ्या स्टाफची ओळखपत्रं झाली होती, फोटो काढणाऱ्याचंच राहिलं होतं. ते पडद्यापुढं ताठ बसले. मी बटण दाबलं आणि आपलं विचारलं, "झालं का?" ते खदखदून हसायला लागले. "अवो मॅडम, झालं तुम्ही म्हणायचं असतंय! मलाच इचारून कसं चालंल?" नवी नोकरी, पहिला दिवस आणि हा माणूस मला हसतोय. "तुमचा कॅमेरा तुम्हालाच लखलाभ," म्हणत मी तो त्यांच्या हातात कोंबला, चपला पायात सरकवल्या आणि वर्गावर निघून गेले. आमच्या दोस्तीची सुरुवात ही अशी भांडणानं झाली आणि पुढंही ती भांडणावरच पोसली.

त्या खोलीत एक मोठं मशीन चोवीस तास गुणगुणत असायचं. क्लासचे सगळे पेपर, नोट्स, गुण, हजेऱ्या त्याच्या पोटात. बाकीचे संगणक निळ्या वायरींनी त्याला जोडलेले. त्या सामाईक जागेला आम्ही सगळे 'कॉमन' म्हणायचो. "पेपर कॉमनमध्ये टाका", "कॉमनमधून काढा", दिवसभर हेच. मी आकृत्या काढून द्यायची, आमच्या टायपिस्ट मीनाताई त्या संगणकावर चढवायच्या, आणि रविवारी दुपारपर्यंत पेपर छापायला जायचा, कारण सोमवारी सकाळी सराव परीक्षा. त्या काळात सोमवारच्या परीक्षेला क्लासच्या अब्रूचं मोल होतं. ती एकदा चुकली असती तर पालक पोराचा हात धरून समोरच्या इमारतीत गेले असते. समोरची इमारत म्हणजे दुसरा क्लास, हे सांगायला नको.

आणि एका वर्षी हे कॉमन रविवारी आजारी पडायला लागलं. फाइल उघडायला घ्यावी, चहा पिऊन यावं, तरी ते चक्र फिरतच. मीनाताई कपाळावर हात मारून बसायच्या. मी जिन्यावरून ओरडायची, "इक्बालभाई, अडकलं!" ते वर यायचे, पण मशीनला हात लावायच्या आधी वैद्यानं नाडी बघावी तसे प्रश्न विचारायचे. "हळू म्हंजी कसं हळू, ते सांगा. उघडायला हळू का ठेवायला? तुमच्या एकटीला का सगळ्यायला?" मी म्हणायची, "पेपर उघडत नाही आणि तुम्ही माझी तोंडी परीक्षा घ्या!" ते हसायचे आणि मीनाताईंच्या शेजारी बसून स्वतः करून बघायचे. वायर बदलली. जिन्यातला स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथं येऊन मिळतात तो डबा, तोही बदलला. उंदरांचा संशय आला म्हणून छताच्या फळ्या काढून बघितल्या, तर उंदीर नव्हते, मात्र कुणातरी पोरानं लपवलेला क्रिकेटचा चेंडू सापडला. मधल्या एका वारी एक मोठी फाइल या मशीनवरून त्या मशीनवर नेऊन बघितली तर ती झरझर गेली. म्हणजे रस्ता मोकळा होता. डिस्क तपासली, तीही धडधाकट. सोमवार ते शनिवार कॉमन हरणासारखं पळायचं आणि रविवार आला की बसकण मारायचं. मोठे सर, म्हणजे आमच्या क्लासचे मालक, म्हणाले, "मशीनला काय रविवारची सुटी पाहिजे का?"

पण सरांच्या त्या टोमण्यात खरी गोम होती. रविवारीच का? पुढच्या रविवारी मी पेपर मीनाताईंच्या गळ्यात टाकला आणि खाली काउंटरजवळ जाऊन बसले. रविवार म्हणजे पालक भेटीचा दिवस. देगलूर, लोहा, नांदेड, कुठकुठल्या गाड्यांनी माणसं आलेली, डब्यातल्या दशम्यांचा वास सुटलेला. काउंटरवर जयश्री बसायची. एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या गणेशला भेटायचंय." जयश्रीनं विचारलं, "कोणता गणेश?" त्यांनी आडनाव सांगितलं. त्या आडनावाचेही चार गणेश निघाले. "मग चेहरा बघा," म्हणत तिनं पडदा त्यांच्याकडं वळवला आणि कॉमनमधला फोटोंचा फोल्डर उघडला. पडद्यावर एकेक चेहरा उमटायला लागला. या वर्षीचे, गेल्या वर्षीचे, क्लास सुरू झाल्यापासूनचे सगळे, आणि प्रत्येक पोर दोनदा, एकदा घाबरलेलं आणि एकदा हसलेलं. ते गृहस्थ मान वाकडी करून आपलं पोर शोधत होते आणि हजारो चेहरे वायरीतून पडद्यावर यायला धडपडत होते. शेजारच्या काउंटरवर दुसरी मुलगी, तिच्यापुढं दुसरा बाप, तोच फोल्डर. वर मीनाताईंचा पेपर कुठून उघडणार? एवढी पोरं जणू जिन्यात वाट अडवून उभी होती.

काउंटरवरच्या मुलींना चेहऱ्यावरून पोर ओळखायला इक्बालभाईंनीच शिकवलं होतं. नंबर टाकून शोधता आलं असतं, पण स्टुडिओतल्या माणसाला ते सुचलंच नाही. त्याच्या लेखी माणूस म्हणजे चेहरा. मी त्यांच्या खोलीत गेले, चपला बाहेर काढल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं, मॅडम, फोटोच असणार म्हणून. वायरवर संशय होता म्हणून न्हाई वायर बदलली. वायरच खराब निघावी अशी दुवा मागून राहिलो होतो."

मोठ्या सरांनी निकाल द्यायला क्षणभरसुद्धा घेतला नाही. "जुनी पोरं गेली, त्यांचे फोटो कशाला? आणि दोन-दोन कशाला? उडवा सगळं उद्यापर्यंत." इक्बालभाई खाली आले आणि मला म्हणाले, "चला, चहा घेऊ." समोरच्या टपरीवर, उन्हात, बाकड्यावर बसून त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी रुखसानाभाभींखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्याची गोष्ट. दुकानाला रंग द्यायचा होता. वडील मालाला सोलापूरला गेलेले. दुकानाच्या माळ्यावर जुन्या निगेटिव्हचे पत्र्याचे डबे रचलेले होते, वर्षानुवर्षांचे. तरणाबांड इक्बाल, त्याला दुकान नव्या चालीचं करायचं होतं. त्यानं डबे रिकामे केले आणि दुकानामागं सगळ्या फिल्मा पेटवून दिल्या. वडील परत आले, रिकामे डबे बघितले. मारलं नाही, ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "बेटा, वो अपना नहीं था." त्याला तेव्हा वाटलं, म्हातारा उगाच मन लावून घेतोय. मग गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची ती पहाट झाली... औशात दुकानातला उंच आरसा फुटला, एवढ्यावर निभावलं. पण तिकडच्या गावांत घरांच्या जागी दगडमातीचे ढीग राहिले. काही दिवसांनी लोक स्टुडिओत यायला लागले. गेलेल्या माणसाचा फोटो घरातच होता, आणि घर राहिलं नव्हतं. स्टुडिओत निगेटिव्ह असेल, एवढीच आशा.

"एक बाई आली, मॅडम. तिची पोरगी गेली होती. आदल्या वर्षी बाजाराला आल्यावर त्या पोरीनं हट्ट करून आमच्या दुकानात फोटो काढला होता, म्यानंच काढलेला. ती बाई रोज यायची अन् पायरीवर बसायची. अन् मी आत जाऊन डबे उघडायचो, लावायचो, उघडायचो, लावायचो. रिकामे हायेत हे मलाच ठावं. तिला वाटावं, शोधून राहिला." चहा तसाच निवत होता. "शेवटी सांगितलं, न्हाई मावशी, न्हाई मिळत. तर ती म्हणली, असू दे बाबा. पण तू तर तिला बघितलं होतंस ना? कशी दिसत होती, तेवढं सांग." इक्बालभाईंनी ग्लास बाकड्यावर ठेवला. "मला रिबिन आठवली, मॅडम. दोन वेण्या अन् रिबिन... तोंड आठवंना. मी फोकस बघून राहिलो होतो, पोरगी न्हवती बघितली. तवापास्नं मी पहिला फोटो कॅमेऱ्यानं काढतो अन् दुसरा बघून काढतो. ते फोटो माझे न्हाईत, मॅडम. अन् सरांचेबी न्हाईत."

मला त्या वेळी रडूही आलं आणि रागही आला. राग कुणाचा ते सांगता येणार नाही. मी तशीच उठले आणि सरांच्या केबिनमध्ये गेले, इक्बालभाई मागून "मॅडम, सबर करा" म्हणत होते. सबर हा शब्द माझ्या पत्रिकेतच नाही. पण सरांपुढं भूकंपाची गोष्ट काढून उपयोग नाही, एवढं व्यवहारज्ञान मला होतं. मी म्हटलं, "सर, गच्चीवरच्या बोर्डावर पोरांचे चेहरे कसे दिसतात बघितलंय का? सगळे जणू फाशी जाहीर झाल्यासारखे. समोरच्यांच्या बोर्डावरची पोरं हसतायत. उद्या आपल्या पोराचा नंबर आला की हसरा फोटो कुठून आणणार?" सरांनी खिडकीतून समोरच्या गच्चीकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं, मग नंबर येणाऱ्यांचे तेवढे ठेवा." मी म्हटलं, "सर, कुणाचा नंबर येणार हे आधीच कळत असतं तर आपण क्लास कशाला काढला असता?" सर हसले. हसले म्हणजे गड सर झाला, हे आम्हाला ठाऊक होतं. फक्त एक अट घातली. येत्या रविवारी पेपर अडकला तर फोटो राहणार नाहीत.

तो आठवडा आम्ही चौघांनी, म्हणजे इक्बालभाई, मीनाताई, जयश्री आणि मी, दुपारच्या जेवणाच्या सुटीत त्या खोलीत काढला. दारात चपलांचा ढीग आणि आत आमचे डबे. वर्षावार फोल्डर केले. काउंटरच्या संगणकावर चेहऱ्यांऐवजी नुसती नावं दिसतील असं केलं, आणि नावापुढं गाव घातलं. गणेश लोहा, गणेश देगलूर, गणेश औसा. मराठवाड्यात माणूस विचारायचा तर गावावरूनच विचारतात, हे इतके दिवस कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. आणि ते हसरे फोटो, सगळेच्या सगळे, इक्बालभाईंनी अडगळीतलं एक जुनं मशीन झाडूनपुसून चालू करून त्यात हलवले. ते मशीन टेबलाखाली गेलं. त्याला ते 'पेटी' म्हणायचे. रविवार आला. पालकांची गर्दी झाली, काउंटरवर गणेशांची चौकशी सुरू झाली. वर मीनाताईंनी देवाचं नाव घेऊन पेपरवर क्लिक केलं आणि खुर्चीतच मागं सरकल्या. "अगं बाई, उघडला की!" इक्बालभाई जिन्यात उभे होते, वर आलेच नाहीत. मी वाकून बघितलं तर ते पायरीवर बसून डोळे पुसत होते, आणि मला बघून म्हणाले, "धूळ लई हाय, मॅडम, इथं."

नंतर कधीतरी लोह्याकडचे एक वडील आले. त्यांचा मुलगा आमच्याकडं शिकून पुढं गेला होता आणि तापानं वारला होता. घरी त्याचे फोटो होते, पण इथं राहिला तेव्हाचं काही आहे का, असं ते चाचरत विचारत होते. इक्बालभाईंनी त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं, पेटी उघडली, आणि फोटो येईपर्यंत त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या माणसानं बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "असा हसायचा होय हा? घरी लई गप असायचा." इक्बालभाई म्हणाले, "हाव, दादा. असाच हसला. म्या बघितलंय." हे शेवटचे दोन शब्द ते कुणाला सांगत होते ते माझ्याखेरीज त्या खोलीत कुणाला कळलं नसेल.

मग मी नांदेडच्या शाखेत आले. इकडंही क्लासेसची लाट आली होतीच. लातूरला हळूहळू सगळे पेपर, नोट्स इंटरनेटवर कुठंतरी दूर गेले, ते मोठं मशीन भंगारात गेलं. पेटी तेवढी राहिली, त्यात काय आहे हे नव्या लोकांना माहीत नव्हतं आणि माहीत असणारे ती हलवू नका म्हणून फोनवरून आरडाओरडा करत होते. म्हणजे मी. इक्बालभाईंच्या मूत्रपिंडांनी दगा दिला, आठवड्यातून दोनदा लातूरच्या दवाखान्यात फेऱ्या सुरू झाल्या. शेवटची भेट औशाला त्यांच्या घरी झाली. चेहरा सुजलेला, मिशी पांढरी, पण चौकशी तीच. "नांदेडला कसं काय? रविवारी हळू तर न्हाई होत?" मी म्हटलं, "होतं की. तुम्ही नाही ना." ते म्हणाले, "मग लोकं काय उघडून राहिलेत ते बघा, मॅडम. उगं वायरला दोष देऊ नका."

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर सबानं फोन केला. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "काकू, फोनमधी अब्बूचे सगळे आजारपणातले फोटो हायेत. अम्मी म्हणते भिंतीला नको. मलाबी भिंतीला नकोच... मला नुसतं बघायचंय. हसतानाचा एक तरी मिळंल का ओ, पहिल्यासारखा?" माझ्या डोळ्यांपुढं एकदम ती पायरी आली, मी कधीच न बघितलेली, औशाच्या स्टुडिओची. मी म्हटलं, "बघते." पण मनात धाकधूक होती. साऱ्या लातूरचं हसू त्या पेटीत होतं, पण फोटो काढणारा नेहमी कॅमेऱ्यामागंच. नसेल तर या पोरीला मी काय सांगणार होते?

लातूरला गेले. जिन्याखालच्या खोलीत आता माहितीपत्रकांचे गठ्ठे रचलेत. दारात माझ्या चपला आपोआप निघाल्या. शिपाई म्हणाला, "मॅडम, राहू द्या की पायात, इथं काय न्हाई." मी तशीच अनवाणी आत गेले. गठ्ठे सरकवून पेटी सुरू केली. ती खाकरली, थांबली, पुन्हा खाकरली आणि ओळखीच्या आवाजात गुणगुणायला लागली. स्टाफचा फोल्डर त्यांनी दोन्ही फोटोंसकट हलवला होता, तो शोधला. माझा हसरा फोटो आधी दिसला, बघवेना इतकी तरुण. मग नाव आणि गाव, त्यांच्याच पद्धतीनं लिहिलेलं, इक्बाल औसा, एक. तो ताठ बसलेला, ओळखपत्राचा. आणि त्याच्याखाली, इक्बाल औसा, दोन.

मी तर एकच काढला होता. क्लिक केलं. पेटी म्हातारी झालेली, फोटो वरून खाली पट्टी पट्टी करत यायला लागला. आधी छत आलं, तेही तिरकं. पंखा तिरका. कोपऱ्यात एक भलं मोठं बोट, माझं. रागारागानं कॅमेरा त्यांच्या हातात कोंबताना माझ्याच अंगठ्यानं बटण दाबलं गेलं होतं. इतका बिघडलेला फोटो कुठल्याही स्टुडिओवाल्यानं फेकून दिला असता... त्यांनी तो एवढी वर्षं जपून ठेवला होता. केस आले, कपाळ आलं, बारीक झालेले डोळे आले, आणि तिथंच अडकलं. ते चक्र फिरायला लागलं. "इक्बालभाई" ओठांवर आलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. सबा.

"मिळाला का ओ काकू?"

"मिळाला गं. डोळ्यांपर्यंत आलाय. हळू आहे जरा."

"येऊ द्या," ती म्हणाली. "मी थांबते."

मी चक्राला शिवी दिली नाही. आम्ही दोघी फोन कानाला लावून बसलो. मग एक पट्टी खाली आली, नाक, मग ती दाट काळी मिशी, मग खदखदून उघडलेलं तोंड.

"हसतायत ना काकू?"

"हो गं," मी म्हटलं. "मलाच हसतायत."